चार कोअर, आठ जीबी पुरतील का? स्वतःच्या डेटा इंटिग्रेशन सर्व्हरचं माप

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंधरा-सोळा ठिकाणांहून रोज रात्री साधारण ४० जीबी डेटा उचलून वेअरहाउसमध्ये, म्हणजे अहवालांसाठीच्या एकत्र डेटाबेसमध्ये, टाकायचा आहे. त्यात ओरॅकल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल आहे, काही सीएसव्ही फाइली आहेत आणि दोन-तीन एपीआय आहेत. शिवाय दोन पोस्टग्रेस डेटाबेसमधले बदल दिवसभर, घडतील तसे हवे आहेत. तयार क्लाउड सेवा चालणार नाही, सगळं स्वतःच्या मशीनवर ठेवायचं आहे. हे काम करणाऱ्या टूलच्या कागदपत्रात ‘किमान ४ कोअर, ८ जीबी रॅम’ लिहिलंय. तेवढं पुरेल का, लिनक्स घ्यावं की विंडोज, आणि व्हीएम (खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेलं आभासी मशीन) चालेल का?

नाही पुरणार. कागदपत्रातला आकडा खोटा आहे असं मात्र नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. अझूर डेटा फॅक्टरी या क्लाउड सेवेचा सेल्फ-होस्टेड इंटिग्रेशन रनटाइम (तिचा स्वतःच्या मशीनवर बसवायचा भाग) घ्या, मायक्रोसॉफ्ट त्यासाठी किमान २ गिगाहर्ट्झचे ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि ८० जीबी मोकळी डिस्क सांगतं. एअरबाइट हे दुसरं टूलही ४ सीपीयू आणि ८ जीबीच्या आसपासच सुरुवात करायला सांगतं. एवढ्यात प्रोग्रॅम उठतो, स्क्रीन उघडते, नमुन्याचा जॉब (डेटा हलवण्याचं एक नेमून दिलेलं काम) हिरवा होतो. तुमच्या टेबलात ओळ किती रुंद आहे, रात्री एका वेळी किती जॉब पळतात, आणि सर्व्हर आठ तास बंद राहिला तर साचलेलं काम कधी उरकायचं, हे त्या कागदपत्राला ठाऊक नसतं. मशीन ठरतं ते याच तीन गोष्टींवर. यातली तिसरी गोष्ट लोक सर्रास विसरतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

समजा, पोस्टग्रेसमधून दिवसभर सेकंदाला सरासरी २,००० बदल येतात आणि तुमचा सर्व्हर सेकंदाला २,५०० पचवतो. कागदावर हे छान दिसतं, २५ टक्के जास्तीची क्षमता आहे. आता एका रात्री पॅच लावताना काहीतरी बिघडलं आणि सर्व्हर आठ तास बंद राहिला. साचले ५ कोटी ७६ लाख बदल. सर्व्हर पुन्हा उठला तरी नवे २,००० येतच राहणार, म्हणजे मागचं उपसायला सेकंदाला उरले फक्त ५००. भागाकार करून बघा, १,१५,२०० सेकंद, ३२ तास होतात. आठ तासांच्या बंदची किंमत पुढचा सव्वा दिवस जुना डेटा. तोच सर्व्हर सेकंदाला ६,००० पचवणारा असता तर बॅकलॉग चार तासांत संपला असता. म्हणून मी सरासरीच्या तिप्पट क्षमता धरतो. वरिष्ठ विचारतात, ‘सीपीयू तर दिवसभर ३० टक्क्यांवर असतो, एवढं मोठं मशीन कशाला?’ मी त्यांच्यापुढे हाच भागाकार ठेवतो. आजवर त्यावर कोणी वाद घातलेला नाही.

आता रॅम. या कामात सगळ्यात आधी संपते ती हीच. बहुतेक टूल जावावर चालतात. नायफाय, काफ्का कनेक्ट, डेबेझियम, पेंटाहो, सगळी त्याच पंगतीतली. जावाला काही सांगितलं नाही तर ती यंत्राच्या रॅमचा चौथा भाग हीपची (जावा प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतो त्या मेमरीची) कमाल मर्यादा म्हणून घेते. म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर तुमच्या वाट्याला २ जीबी. ‘रॅम तर मोकळी दिसते, मग आउट ऑफ मेमरी का येतं?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, आणि निम्म्या वेळा उत्तर एवढंच निघतं.

उरलेल्या निम्म्या वेळा दोष फेच साइझचा, म्हणजे डेटाबेसकडून एका फेरीत किती ओळी आणायच्या या आकड्याचा, असतो. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग) मुळात क्वेरीचं सगळं उत्तर एका दमात मेमरीत ओढतो. फेच साइझ दिलेली असेल आणि ऑटोकमिट (प्रत्येक आदेश लगेच पक्का करणं) बंद असेल, तरच तो ओळी तुकड्यांनी आणतो. यातलं एकच केलं तर काही उपयोग नाही, दोन्ही लागतात. मायएसक्यूएलचा ड्रायव्हरही मुळात सगळं एकदम आणतो, त्याला कर्सर (ओळी तुकड्यांनी देणारी सोय) वापरायला वेगळं सांगावं लागतं. ओरॅकलची तऱ्हा उलटी. त्याची मूळ फेच साइझ अवघी १० ओळींची. मेमरी वाचते, पण दहा लाख ओळींसाठी एक लाख फेऱ्या होतात. सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यात एका फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील तर नुसतं वाट बघण्यात २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं जातात. फेच साइझ १,००० केली की तेच काम २० सेकंदांच्या वाट बघण्यावर येतं. हार्डवेअरला हातही न लावता अर्धा तास वाचला. मशीन मोठं करण्याआधी या तीन ड्रायव्हरांची ही सेटिंग तपासा, नाहीतर चुकीच्या दुखण्यावर खर्च कराल.

हीपचा अंदाज मी असा बांधतो. सरासरी ओळ २ केबीची आणि बॅच (एका वेळी हाताळायचा गठ्ठा) १०,००० ओळींची धरली तर कच्चा डेटा २० एमबी होतो. जावात त्याच्या वस्तू (ऑब्जेक्ट) बनल्या की तो दोन-तीन पट फुगतो, म्हणजे एका जॉबला ५०-६० एमबी. वाचणारा, बदलणारा आणि लिहिणारा अशा तीन टप्प्यांत एकेक बॅच अडकलेली असेल तर दोनशेच्या खाली. रात्री दहा जॉब एकदम पळाले तरी २ जीबी. मग अडतं कुठे? एखाद्या टेबलात मोठा मजकूर किंवा जेसनचा कॉलम असतो तिथे. शंभरात नव्व्याण्णव ओळींत तो रिकामा असतो, आणि एका रात्री एक-एक एमबीचे दहा हजार दस्तऐवज सलग येतात. तीच बॅच आता १० जीबीची. त्यामुळे सरासरी ओळीच्या जोडीला सर्वात रुंद ओळ मोजा. प्रत्येक मोठ्या टेबलावर एकच क्वेरी चालवून कमाल लांबी काढायची, दहा मिनिटांचं काम आहे. ज्या टेबलात असे कॉलम सापडतील त्यांचा जॉब वेगळा करा आणि त्याची बॅच शंभरावर आणा.

हीप म्हणजे संपूर्ण प्रोसेस नव्हे, हेही ध्यानात असू द्या. प्रत्येक थ्रेडचा (समांतर चालणाऱ्या कामाचा) स्टॅक साधारण १ एमबी असतो, शिवाय क्लासची माहिती आणि नेटवर्कसाठीचे थेट बफर असतात. १२ जीबी हीप दिलेली प्रोसेस प्रत्यक्षात १५ पर्यंत सहज जाते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेज कॅशलाही (फाइलींच्या मेमरीतल्या प्रतीला) जागा हवी, कारण डिस्कवरच्या क्यू (पुढे जायच्या डेटाची रांग) आणि स्टेजिंग (वेअरहाउसमध्ये जाण्याआधी तात्पुरत्या ठेवलेल्या) फाइली तिथूनच वेगाने वाचल्या जातात. म्हणून यंत्राच्या एकूण रॅमच्या निम्म्याहून जास्त हीप मी देत नाही. आणि देताना ३१ जीबीच्या वर जात नाही. साधारण ३२ जीबीपाशी जावा वस्तूंचे आखूड पत्ते वापरणं सोडते, प्रत्येक पत्ता दुप्पट जागा घेतो, आणि ३४ जीबीच्या हीपमध्ये ३१ पेक्षा कमी माल मावतो अशी गंमत होते. त्याहून जास्त लागत असेल तर दुसरा नोड (जोडीला काम करणारं मशीन) घ्यावा.

स्वॅपबद्दल, म्हणजे रॅममधला डेटा डिस्कवर हलवण्याबद्दल, माझं मत ठाम आहे. तो किती सहज करायचा हे ठरवणारं स्वॅपिनेस लिनक्समध्ये मुळात ६० असतं. जावाच्या सर्व्हरवर ते अगदी खाली आणावं, नायफायचं मार्गदर्शक तर थेट शून्य सांगतं. गार्बेज कलेक्शन (जावाची नको असलेली मेमरी मोकळी करणारी फेरी) सगळी हीप चाळतं आणि तिचा एक तुकडा जरी डिस्कवर गेलेला असला तरी सेकंदाचा विराम मिनिटाचा होतो. मग क्लस्टरमधले बाकीचे नोड समजतात की हा मेला.

डिस्कवर जरा रेंगाळतो. एकदा हात पोळला आहे.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी आम्ही पोस्टग्रेसमधून बदल उचलणारा सर्व्हर बसवला होता. अगदी तुमच्यासारखीच मांडणी, आणि एकच डिस्क, सगळं त्याच पार्टिशनवर. एका शुक्रवारी संध्याकाळी डीबग लॉग चालू करून कोणीतरी घरी गेलं. कोणीतरी म्हणजे मीच. रात्री डिस्क भरली, सर्व्हर थांबला. त्याचं फार काही बिघडलं नसतं, पण पोस्टग्रेसमध्ये आमच्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट होता. वॉल म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिथे लिहून ठेवतो ती नोंदवही. स्लॉट म्हणजे डेटाबेसने दिलेला शब्दच: ‘तू इथपर्यंत वाचलंस, पुढचा वॉल तू वाचेपर्यंत मी पुसणार नाही.’ डेटाबेसने शब्द पाळला. शनिवारभर वॉलच्या १६-१६ एमबीच्या फाइली साचत गेल्या आणि रविवारी पहाटे मूळ डेटाबेसचीच डिस्क भरली. मग तो बसला. व्यवहार करणारी मुख्य यंत्रणा बंद पडली, तीही अशा एका सर्व्हरमुळे ज्याला सगळे ‘नुसता रिपोर्टिंगचा’ म्हणत होते.

तेव्हापासून मूळ डेटाबेसवरची मोकळी डिस्क मी इंटिग्रेशन सर्व्हरच्याच गरजांच्या यादीत लिहितो. दिवसाला किती वॉल तयार होतो ते मोजा आणि त्याला चाराने गुणा, म्हणजे एक लांबलेली सुट्टी निभावते. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटने किती वॉल अडवावा याला कमाल मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते, ती तुम्हीच लावायला हवी. मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं. तरीही मूळ यंत्रणा बंद पडण्यापेक्षा तो त्रास परवडला. मायएसक्यूएलमध्ये गणित उलटं आहे. तिथे बिनलॉग (बदलांच्या नोंदींच्या फाइली) मुदत संपली की पुसले जातात, कोणी वाचले की नाही याची पर्वा न करता. ८.० मध्ये मूळ मुदत ३० दिवसांची आहे, पण जागा वाचवायला कोणीतरी ती एक-दोन दिवसांवर आणलेली असते. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) आधीच विचारून ठेवा.

तर तुमच्या सर्व्हरवर किमान चार वेगळे माउंट (डिस्कचे स्वतंत्र भाग) ठेवा: सिस्टीम, लॉग, स्टेजिंग किंवा क्यू, आणि टूलचा स्वतःचा मेटाडेटा (जॉबांचा इतिहास आणि खुणा). लॉग भरला तर फक्त लॉगच भरावा. नायफायमध्ये फ्लोफाइल (डेटा कुठे पोचला याची नोंद), कंटेंट (खरा डेटा) आणि प्रोव्हेनन्स (इतिहास) अशा तीन रिपॉझिटरी, म्हणजे साठे, असतात आणि त्या वेगवेगळ्या डिस्कवर ठेवण्याचा सल्ला त्यांच्याच मार्गदर्शकात आहे. कंटेंट भरून फ्लोफाइलची रिपॉझिटरी बिघडली तर सावरणं फार किचकट होतं. तिथेच आणखी एक हिशेब करा. नायफायमधल्या प्रत्येक जोडणीवर बॅकप्रेशरची (पुढचा टप्पा अडला की मागचा थांबवण्याची) मूळ मर्यादा १०,००० वस्तू किंवा १ जीबी असते. साठ जोडण्यांचा फ्लो असेल आणि टोकाचं वेअरहाउस रात्रभर बंद राहिलं, तर ६० जीबीपर्यंत डेटा डिस्कवर उभा राहू शकतो. नियमाप्रमाणेच हो, काहीही न बिघडता.

स्टेजिंगची जागा मी सर्वात मोठ्या रात्रीचा डेटा गुणिले दोन, गुणिले तीन दिवस अशी धरतो. दुप्पट अशासाठी की कच्ची फाइल आणि बदललेली फाइल काही काळ शेजारी-शेजारी असतात. तुमच्या ४० जीबीला २४० होतात, वर मोकळी जागा धरून ४०० ते ५०० जीबी. डिस्क कुठली? फिरणारी डिस्क यादृच्छिक वाचन-लेखनात सेकंदाला शंभर-दीडशे कामांच्या पुढे जात नाही, त्यामुळे ती फक्त जुन्या फाइली साठवायला ठेवा. क्यू आणि मेटाडेटासाठी एसएसडीच, शक्यतो वेगवान एनव्हीएमई प्रकारची, आणि वीज गेल्यावर डेटा सांभाळणारी सर्व्हर दर्जाची. घरगुती एसएसडी पहिली काही मिनिटं जोरात लिहिते, मग तिची आतली वेगवान कॅश भरते आणि वेग कोसळतो. पाच मिनिटांच्या चाचणीत हे दिसत नाही, चार तासांच्या लोडमध्ये दिसतं.

फाइल सिस्टीम एक्सएफएस असो वा एक्स्ट४, फार फरक नाही. लहान-लहान लाखो फाइली येणार असतील तर मात्र एक्सएफएस घ्या. एक्स्ट४ मध्ये आयनोडची (प्रत्येक फाइलमागे एक लागणाऱ्या नोंदीची) संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, सहसा दर १६ केबीला एक. ते संपले की डिस्क ४० टक्के रिकामी असूनही ‘जागा नाही’ म्हणून संदेश येतो आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

सीपीयूबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. एकाच वेळी पळणाऱ्या दर दोन जॉबमागे एक कोअर, वर दोन सिस्टीमला, हा हिशेब बहुतेक ठिकाणी जमतो, कारण जॉबचा निम्म्याहून जास्त वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन, पार्के (कॉलमनिहाय दाबून साठवणाऱ्या प्रकारच्या) फाइली बनवणं आणि एक्सएमएल वाचणं ही सीपीयू खाणारी कामं. ती जास्त असतील तर जॉबला एक पूर्ण कोअर धरा.

नेटवर्कचं गणित सोपं आहे. १ गिगाबिटची लाइन प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास देते, ४० जीबी म्हणजे सहा-सात मिनिटं. येताना आणि जाताना मिळून पंधरा. वेगाची अडचण नाही तुम्हाला. त्रास देईल ती फायरवॉल. ओरॅकलमध्ये एखादी जड क्वेरी सव्वा तास विचार करते, तेवढा वेळ वायरवर एक बाइटही जात नाही. मधली फायरवॉल तासाभराने ते कनेक्शन मेलं असं समजून आपल्या यादीतून काढते, आणि दोन्ही टोकांना काही सांगत नाही. जॉब ना यशस्वी, ना अयशस्वी, सकाळपर्यंत नुसता ‘रनिंग’. लिनक्समध्ये कीपअलाइव्हचं (कनेक्शन जिवंत आहे ना, हे विचारणारं) पहिलं पाकीट मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातं. ते ३०० वर आणा आणि ड्रायव्हरच्या बाजूनेही कीपअलाइव्ह चालू असल्याची खात्री करा. सॉकेटवर, म्हणजे त्या कनेक्शनवर, ते मागितलेलं नसेल तर सिस्टीमच्या आकड्याला काही अर्थ नाही. मी पाहिलेल्या ‘अधूनमधून अडकतो’ अशा जॉबांपैकी बरेचसे एवढ्याने सुटले.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. तुमची यादी पाहता लिनक्स घ्या. विंडोज घ्यावं लागतं ते दोन कारणांनी: टूलच तिथे चालतं, जसं एसएसआयएस (मायक्रोसॉफ्टचं डेटा हलवायचं टूल) किंवा वर सांगितलेला इंटिग्रेशन रनटाइम, किंवा एखाद्या स्रोताचा ओडीबीसी ड्रायव्हर (त्याच्याशी जोडणारा दुसऱ्या प्रकारचा भाग) फक्त विंडोजसाठी मिळतो. कुठलं लिनक्स, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी फक्त दोन गोष्टी बघतो. टूल बनवणाऱ्याने त्याचं नाव कागदपत्रात लिहिलंय का, आणि त्याला सुरक्षा पॅच कधीपर्यंत मिळतील. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंतचा शब्द होता आणि ते ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद केलं गेलं. त्या भरवशावर सर्व्हर उभे केलेल्यांनी पुढचं वर्ष स्थलांतरात घालवलं, त्यांच्यात आम्हीही होतो. आज नवीन बसवायचं तर रेड हॅट ९ किंवा त्याच घरातले रॉकी आणि अल्मा, नाहीतर उबुंटू २४.०४. उबुंटूच्या त्या आवृत्तीला नेहमीचे पॅच २०२९ पर्यंत मिळतात. विंडोज असेल तर सर्व्हर २०२२. २०१६ वर नवं काही बसवू नका, त्याची मुदत जानेवारी २०२७ ला संपते.

जुनं हार्डवेअर वापरणार असाल तर एक खाच आहे. रेड हॅट ९ ला एक्स८६-६४ या सीपीयूच्या सूचनासंचाची दुसरी पातळी लागते आणि १० ला तिसरी, म्हणजे साधारण २०१३ नंतरच्या पिढीचा सीपीयू. खरं मशीन नवं असलं तरी व्हीएमला दिलेलं सीपीयू मॉडेल ‘सामान्य’ प्रकारचं असेल तर आतल्या सिस्टीमला ती पातळी दिसत नाही आणि इन्स्टॉलर सुरुवातीलाच कोलमडतो. होस्टचा (व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालते त्याचा) सीपीयू जसाच्या तसा दाखवणारं मॉडेल निवडलं की सुटतं.

बसवल्यावर लगेच करायच्या काही गोष्टी आहेत. उघड्या फाइलींची मर्यादा मुळात १,०२४ असते. नायफाय ५०,००० सुचवतं, काफ्का ब्रोकरला (संदेश साठवणाऱ्या सर्व्हरला) लाखभर द्यावी. लोक ती लिमिट्सच्या फाइलमध्ये वाढवतात, लॉगिन करून बघतात, आकडा बरोबर दिसतो, आणि सर्व्हिसला मात्र जुनीच मिळते. सिस्टमडीने (लिनक्समधल्या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) उठवलेली सर्व्हिस ती फाइल वाचत नाही, मर्यादा तिच्या युनिट फाइलमध्येच लिहावी लागते. पळत्या प्रोसेसच्या क्रमांकाने प्रॉक फोल्डरमध्ये जाऊन खरा आकडा बघा, लॉगिनच्या खिडकीवर विश्वास ठेवू नका.

दुसरी, टेम्प फोल्डर. सुरक्षेच्या नियमावलीप्रमाणे ते ‘नोएक्झेक’ (तिथून काही चालवता येणार नाही असं) माउंट केलेलं असतं आणि ते योग्यही आहे. पण स्नॅपीसारख्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररी आपली नेटिव्ह फाइल आधी टेम्पमध्ये उतरवतात आणि तिथून चालवतात. परिणाम असा की बाकी सगळे जॉब चालतात, फक्त पार्के लिहिणारा पडतो, आणि त्रुटीचा संदेश असा येतो की दोष लायब्ररीचा वाटावा. शिवाय रेड हॅटच्या घरात टेम्पमधल्या दहा दिवस न हललेल्या फाइली आपोआप साफ होतात. महिनाभर न थांबता चालणाऱ्या सर्व्हरला ते अकराव्या दिवशी कळतं. टूलला स्वतःचं टेम्प फोल्डर द्या, स्टेजिंगच्या डिस्कवर, म्हणजे दोन्ही प्रश्न मिटतात.

तिसरी, घड्याळ. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) ठेवा आणि क्रोनी (घड्याळ जुळवत ठेवणारा प्रोग्रॅम) चालू करा. घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांत रात्री अडीचला लावलेला जॉब वर्षातून एकदा दोनदा पळू शकतो आणि एकदा पळतच नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘मागच्या वेळेनंतर बदललेल्या ओळी आण’ ही खूण सर्व्हरच्या घड्याळावरून ठरवणं. घड्याळ दीड मिनिट पुढे असेल तर त्या दीड मिनिटातल्या ओळी कायमच्या सुटतात, आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. खूण नेहमी स्रोताच्याच कॉलममधल्या कमाल वेळेवरून घ्या.

चौथी, अक्षरसंच. सिस्टीमचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ असू द्या. जावा १८ पासून मूळ अक्षरसंच सगळीकडे यूटीएफ-८ झाला, त्याआधी तो सिस्टीमवरून ठरायचा. लिनक्सवर बनवलेला जॉब जुन्या जावासकट विंडोजवर नेला की देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, तेव्हा बाइटमध्ये मोजलेला ५० चा कॉलम तिकडे १६ चिन्हांतच भरतो.

जावा कोणती, हे टूलला विचारा, सिस्टीमला नको. नायफाय २ ला जावा २१ लागते, कितीतरी जुनी टूल ८ किंवा ११ वर अडलेली आहेत. प्रत्येक टूलला त्याची जावा वेगळ्या फोल्डरमध्ये द्या. एकाच्या अपडेटने दुसरं पडायला नको.

विंडोजवरच जायचं ठरलं तर अँटिव्हायरसला स्टेजिंग आणि क्यूचे फोल्डर वगळायला सांगा. तो प्रत्येक फाइल उघडताना तपासतो, कधी फाइल धरूनही ठेवतो. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, मशीन झोपायला जाणार नाही असं करा, आपोआप होणारं रीस्टार्ट रात्रीच्या खिडकीबाहेर न्या. ६४ बिट प्रोसेसला ३२ बिटचा ओडीबीसी ड्रायव्हर दिसत नाही. एक्सेल आणि ॲक्सेसच्या फाइली वाचणाऱ्यांचे दिवसचे दिवस यात जातात. इंटिग्रेशन रनटाइमने पार्के फाइली हाताळायच्या असतील तर तिथे ६४ बिट जावाही लागते आणि तिची मूळ हीप मर्यादा १ जीबीच असते, वाढवायला विसरू नका. आणि कृपा करून डोमेन कंट्रोलरवर (कंपनीची लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) बसवू नका.

व्हीएम चालेल का? चालेल, मीही बहुतेक वेळा तीच घेतो. दोन अटींवर. रॅम पूर्ण राखून ठेवलेली असावी, कारण होस्टने बलून फुगवून (व्हीएमच्या रॅममध्ये जागा अडवून) ती परत मागितली तर जावाला काही कळत नाही, फक्त स्वॅप सुरू होतो. आणि एका होस्टवर सीपीयूची फार खेचाखेच नसावी. आतून ओळखायचं असेल तर टॉप या कमांडमध्ये ‘एसटी’चा (होस्टने हिरावलेल्या सीपीयू वेळेचा) आकडा बघा. तो सतत पाच-सात टक्क्यांवर असेल तर तुमचे ८ कोअर फक्त नावाचे आहेत. काही ठिकाणी मात्र हा आकडा शून्यच दिसतो आणि होस्टचं पॅनल मागावं लागतं. भार वाढला की क्रेडिट संपणारे क्लाउडमधले स्वस्त प्रकार या कामाला घेऊ नका. पहिला तास सुरेख जातो, मग रांगतात.

कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या टूलने बनवलेल्या बंदिस्त डब्यात) चालवणार असाल तर जावा ८ च्या अपडेट १९१ च्या आधीची आवृत्ती टाळा, तिला कंटेनरची मर्यादा दिसत नाही, ती सगळ्या होस्टची रॅम आपली समजते. नव्या सिस्टीमवर सीग्रुपची (कंटेनरला रॅम-सीपीयूची मर्यादा घालणाऱ्या सोयीची) दुसरी आवृत्ती असते. ती ओळखायला जावा ८ चा अपडेट ३७२, जावा ११.०.१६, किंवा जावा १५ आणि त्यापुढचं काहीही लागतं. कंटेनर १३७ कोड देऊन गेला तर सहसा कर्नलने मेमरीपायी मारलेला असतो. टूलच्या लॉगमध्ये त्याचं नाव-निशाण नसतं, म्हणून तिथे शोधत बसू नका. डॉकरचे मूळ जेसन लॉगही स्वतःहून कापले जात नाहीत. पहिल्या दिवशीच मर्यादा घाला. माझा शुक्रवार आठवा.

तर तुमच्यासाठी मी हे मागेन: ८ कोअर, ३२ जीबी रॅम, त्यातली १४ हीपला. सिस्टीमला १०० जीबी, लॉगला ५०, स्टेजिंग आणि क्यूला ५०० जीबी एनव्हीएमई. मेटाडेटाचा पोस्टग्रेस २ कोअर, ८ जीबीच्या वेगळ्या व्हीएमवर, कारण मुख्य सर्व्हर पुन्हा बांधावा लागला तरी जॉबांचा इतिहास आणि खुणा शाबूत राहायला हव्यात. दिवसभराचे बदल उचलणारी प्रोसेस रात्रीच्या बॅचपासून वेगळी ठेवा, जमलं तर ४ कोअर, १६ जीबीच्या स्वतंत्र मशीनवर. रात्रीच्या लोडने तिचा श्वास कोंडला की स्लॉट मागे पडतो आणि पुढचं सगळं रामायण वर सांगितलंच आहे. दुसरा तयार नोड पहिल्या दिवशी नसला तरी चालेल. पण कॉन्फिगरेशन आणि पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद होतात ती किल्ली, या दोन्हींचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर हवाच. किल्ली हरवली तर बॅकअप असूनही सगळ्या जोडण्यांचे पासवर्ड पुन्हा भरत बसावं लागतं. पंधरा स्रोत म्हणजे पंधरा लोकांच्या मागे लागणं.

चालू करण्याआधी एक चाचणी मात्र नक्की घ्या. साधा लोड पास होतो का, ही नव्हे. खरा भार चालू असताना सर्व्हर सकाळी दहाला मुद्दाम बंद करा, संध्याकाळी सहाला उठवा, आणि बदलांचा बॅकलॉग शून्यावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तेवढ्या वेळात मूळ पोस्टग्रेसवर वॉल किती साचला तेही टिपून ठेवा. डीबीएला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.